बंक मारणे म्हणजे काय रे भाऊ?

तर झालं असं, की जुलैमध्ये दोन दिवस रजा टाकून घरी गेलो होतो. घर म्हणजे आरमोरी. पुण्यात हे नाव सांगितलं की समोरचा आधी "कुठे आलं हे?" विचारतो, आणि गडचिरोली जिल्हा म्हटलं की त्याचा चेहरा एकदम गंभीर होतो. "म्हणजे तिकडे ते..." असं काहीतरी सुरू होतं. असो, तो विषय पुन्हा कधीतरी. पुण्याहून रेल्वेने नागपूर, मग उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत चारेक तास एसटी, आणि वैनगंगेचा पूल ओलांडला की आलंच आमचं गाव.

जुलै म्हणजे आमच्याकडे रोवणी. (कोकणातले लोक जिला लावणी म्हणतात तीच. आम्ही भाताला धान म्हणतो आणि शेताच्या बांध घातलेल्या तुकड्याला बांधी.) माझ्या एका शाळेतल्या मित्राच्या बांधीत रोवणी चालू होती म्हणून त्याला भेटायला तिकडेच गेलो. घरचे सगळे चिखलात. आणि त्यांच्यात त्याची पुतणी. आठवीत आहे, हे मला माहीत होतं. वार होता बुधवार. मी बांधावर उभा राहून, शहरातून आलेला माणूस जसं काहीतरी गमतीचं बोलायचं म्हणून बोलतो तसं बोललो, "काय गं, आज शाळा बंक मारली वाटतं?"

ती सरळ उभी राहिली. हातात पऱ्ह्यांची जुडी. "बंक?" म्हणाली. मग काकाकडे बघून विचारलं, "मिरचीले जातानी लागते तो?"

माझी ट्यूब काही पेटेना. मित्र हसायला लागला. मग त्याने सांगितलं. धान निघालं की जानेवारीच्या सुमारास त्यांच्या घरातले दोघं-तिघं टेम्पोत बसून तेलंगणात मिरची तोडायला जातात. आमच्याकडचे पुष्कळ लोक जातात. तिकडे पेट्रोल पंपाला बंक म्हणतात. ड्रायव्हर डिझेल भरायला थांबला की "बंक आला, उतरा" असा पुकारा होतो, आणि बायाबापड्या, लेकरं पाय मोकळे करायला उतरतात. पोरगी दोन वर्षं आईबरोबर गेली होती. तिच्यासाठी बंक म्हणजे तो. मग मित्र मला म्हणाला, "बंक-बिंक नाई गा मारला तिनं. रोवनी आहे."

आणि ती पुन्हा वाकून कामाला लागली.

झालं. एवढाच प्रसंग. पण परतीच्या प्रवासात तो डोक्यातून जाईना. शब्द माझा, मी तो कॉलेजच्या चार वर्षांत हजारो वेळा वापरलेला, आणि तो एका तेरा वर्षांच्या मुलीवर टाकला तर तो तिला लागूच पडेना. म्हटलं, जरा बघूया तरी हा शब्द आहे काय.

तर मंडळी, बंक हे प्रकरण इंग्रजीतसुद्धा जरा गोंधळाचंच आहे. एक बंक म्हणजे जहाजातली किंवा होस्टेलमधली झोपायची फळी, एकावर एक पलंग असतात ते. दुसरा बंक म्हणजे बकवास. याची गोष्ट मस्त आहे. १८२० साली अमेरिकेच्या संसदेत फेलिक्स वॉकर नावाचे एक खासदार उठले आणि कोणी ऐकत नसताना भाषण देत सुटले. लोक ओरडायला लागले तर म्हणाले, मी तुमच्यासाठी बोलतच नाहीये, माझ्या बंकम परगण्यासाठी बोलतोय. तेव्हापासून पोकळ बडबडीचं नाव पडलं बंकम, आणि त्याचं लाडकं रूप बंक. पुढे १९१६ मध्ये हेन्री फोर्डने सगळ्या इतिहासालाच बंक म्हणून टाकलं. (मोटारी बनवणाऱ्यांनी मोटारीच बनवाव्यात, दुसरं काय.)

आपला बंक यातला कुठलाच नाही. आपला ब्रिटनमधल्या बोलीतला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे 'डू अ बंक' म्हणजे पोबारा करणे, धूम ठोकणे, असं बोललं जाऊ लागलं. पुढे शाळेतून सटकण्याला 'बंक ऑफ' म्हणू लागले. अमेरिकेत हेच काम 'हुकी' खेळून करतात, ऑस्ट्रेलियात 'वॅग' म्हणतात. थोडक्यात, जिथे शाळा आहे तिथे हा शब्द लागतोच! आपण भारतीयांनी एवढंच केलं, की त्यातला 'ऑफ' काढून टाकला. ब्रिटिश पोरगा शाळेतून बंक ऑफ होतो, आपण सरळ लेक्चर बंक करतो. पळून जाण्याचा शब्द होता, तो आपण लेक्चरवर करायची क्रिया बनवला. आणि 'मास बंक' ही तर खास आपली देणगी.

मराठीने त्याला कसं घेतलं हे मला त्याहून आवडतं. मराठी सहसा परक्या क्रियापदाला क्रियापद म्हणून दारात उभं करत नाही. ('गुगलणे' वगैरे अपवाद. होस्टेलवर "बंकूया का?" म्हणणारा एक होता, पण तो तसाही वाया गेलेला होता.) मराठी त्याचं आधी नाम करते, त्याला लिंग देते, आणि मग जवळ आपलं एखादं क्रियापद बसवते. बंक पुल्लिंगी ठरला, "मी बंक मारला". आणि क्रियापद मिळालं 'मारणे'. आता मराठीत आपण काय काय मारतो ते बघा. गप्पा मारतो, थापा मारतो, डुलकी मारतो, चक्कर मारतो, दांडी मारतो, बुट्टी मारतो. सगळ्या रिकामपणाच्या, आपल्या मर्जीच्या गोष्टी. कोणी जबरदस्तीने डुलकी मारत नाही. म्हणजे शब्द इंग्रजीतून आला तरी कुठल्या खोलीत राहायचं हे मराठीने बरोब्बर ठरवलं. बंक मारायचा असतो, तो आपल्यावर येऊन पडत नाही.

आपली जुनी दांडी याहून जरा कडक आहे. हिंदीत डंडी मारणं म्हणजे तराजूची दांडी दाबून माल कमी तोलणं. आपण त्याला काटा मारणं म्हणतो. (हे काय असतं ते आमच्याकडे मोहफुलं विकायला आलेल्या कुठल्याही बाईला विचारा, ती तपशिलात सांगेल.) म्हणजे दांडीत समोरच्याचं काहीतरी देणं लागतो आणि ते कमी देतो, असा एक वास आहे. बंकला तो वासही नाही. बंक एकदम हलका, टी-शर्ट घातलेला शब्द आहे. त्यात अपराध नाही, उलट थोडी फुशारकीच.

आता माझ्या स्वतःच्या बंकांबद्दल. नागपूरला इंजिनिअरिंग केलं, २०१४ ते २०१८. पहिल्या आठवड्यात सिनिअर लोकांनी जे ज्ञान दिलं ते असं: हजेरी ७५ टक्के लागते, म्हणजे २५ टक्के तुमची हक्काची. एका विषयाची सेमिस्टरमध्ये ४० लेक्चर्स झाली तर ३० बसायची, १० तुमची. आमच्यातल्या एकाने याची एक्सेल शीट बनवली होती, विषयवार, सूत्रांसकट. लाल रंग आला की जायचं, हिरवा असेल तर झोपायचं. त्याला आम्ही बंक बजेट म्हणायचो. मी आज पोटापाण्यासाठी जे डॅशबोर्ड बनवतो ना, त्याची सुरुवात तिथे झाली.

आणि बजेट संपलं तरी रस्ते होते. प्रॉक्सी होती. मागच्या बाकावरून तीन वेगवेगळ्या आवाजांत "येस सर" म्हणणारे कलाकार होते. प्रॉक्सी पकडली गेली तर डिफॉल्टर लिस्ट, लिस्टमध्ये नाव आलं तर मेडिकल सर्टिफिकेट. कागदोपत्री मला एकाच सेमिस्टरमध्ये दोनदा टायफॉइड झालेला आहे. तेही चाललं नाही तर घरच्यांना आणून एचओडींसमोर उभं करायचं, थोडं ऐकून घ्यायचं, एक हमीपत्र लिहून द्यायचं. चार वर्षांत हजेरीपायी वर्ष गेलेला एकही मुलगा माझ्या वर्गात नव्हता. एकही नाही!

आमचा सगळ्यात गाजलेला मास बंक ३० सप्टेंबर २०१६ चा. शुक्रवार, धोनीवरचा सिनेमा लागला होता. साठ जणांचा वर्ग, एक माणूस लेक्चरला नाही. सर रिकाम्या वर्गात पाच मिनिटं बसून गेले म्हणे. सिनेमात धोनी खरगपूर स्टेशनवरची रेल्वेची पक्की नोकरी सोडतो, तेव्हा आम्ही शिट्ट्या मारल्या. केवढं धाडस! आणि आम्ही स्वतः काय सोडून आलो होतो? फ्लुइड मेकॅनिक्सचं एक लेक्चर.

आता ज्याच्या बांधीवर उभा होतो त्या मित्राबद्दल सांगतो. आम्ही पाचवीपासून एका वर्गात. फार हुशार होता, परिस्थितीने मारला, असली गोष्ट नाहीये ही. तो माझ्यासारखाच होता, मधल्या बाकावरचा. गणितात दोघांनाही पस्तीस आणि पन्नासच्या मध्ये कुठेतरी. फरक एकच. आमचं गावात छोटं दुकान होतं, शेती नव्हती. त्यांची शेती होती.

आमच्याकडची शाळा जूनच्या शेवटी सुरू होते. पुस्तकं मिळून, वर्ग लागून, सर धडा सुरू करेपर्यंत जुलै उजाडतो आणि पाऊस लागतो. पाऊस लागला की रोवणी. अर्धा वर्ग रिकामा. पऱ्हे वाढून बसतात, ते थांबत नाहीत. चिखल झाला की त्याच आठवड्यात लावायचे, आणि सगळ्यांचीच रोवणी एकदम आल्यामुळे मजूर मिळत नाहीत, म्हणून घरातला प्रत्येक हात लागतो. मग दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग चुरणी. मार्चमध्ये मोह पडायला लागतो. मोहफुलं पहाटे वेचावी लागतात, उशीर केला तर गुरं, हरणं खाऊन जातात. आणि नेमक्या तेव्हाच परीक्षा जवळ आलेल्या असतात. म्हणजे शाळेचं कॅलेंडर आणि जंगल-शेतीचं कॅलेंडर एकमेकांवर ठेवलं, तर नको तिथे बरोब्बर बसतात.

मला रोवणीच्या दिवसांत शाळेत बसल्याचं चांगलं आठवतं. अर्धा वर्ग नसला तरी धडे पुढे जात होते, कारण सिलॅबस संपवायचा होता. हजेरी घेताना सर नावं वाचायचे आणि लाल पेनाने 'गै' लिहीत जायचे. गैरहजर. त्या लाल 'गै'ला कारणाचा रकाना नव्हता. माझ्या मित्राच्या नावापुढे रोवणीचे वीस-बावीस 'गै', मग कापणीचे, मग मोहाचे. आठवीपर्यंत तो वर गेला, कारण २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला होता आणि आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नव्हतं. नववीत तो संरक्षणाचा कठडा संपला. नववीत तो नापास झाला. पुढच्या जूनमध्ये खालच्या वर्गातून आलेल्या पोरांबरोबर बसायची त्याला लाज वाटली. चार दिवस आला आणि मग आलाच नाही. शिक्षक म्हणाले, याला शाळेत इंटरेस्टच नाही. आणि खोटं कशाला बोलू, मीही तेव्हा तसंच म्हणालो होतो.

ज्या शुक्रवारी मी धोनीसाठी शिट्ट्या मारत होतो, त्या दिवसांत तो नागपुरातच होता. एका साइटवर सेंट्रिंगच्या कामाला. माझ्या होस्टेलपासून पाचेक किलोमीटरवर. हे मला दोन वर्षांनी कळलं.

आता हिशेब मांडला तर आमच्या दोघांच्या गैरहजेरीत फार फरक नसेल. कदाचित माझीच जास्त भरेल. पण माझ्या गैरहजेरीला एक झकास इंग्रजी नाव होतं, एक्सेल शीट होती, सर्टिफिकेट होतं, हमीपत्र होतं. त्याच्याकडे फक्त 'गै' होता. मला जे म्हणायचंय ते एवढंच: बंक तोच मारू शकतो ज्याची जागा पक्की आहे. उद्या परत गेलं तर बाक रिकामा असेल, नाव पटावर असेल, कोणीतरी नोट्स देईल, ही खात्री ज्याला असते त्याचीच गैरहजेरी गमतीची असते. बाकीच्यांची नुसती गैरहजेरी. सलग तीस दिवसांच्या वर गेली तर सरकारी भाषेत तिचं नावही बदलतं, मग ते मूल 'शाळाबाह्य' होतं.

७५ टक्क्यांचा आकडा तर सगळीकडे पाठलागच करतो. १९९२ साली महाराष्ट्र सरकारने प्राथमिक शाळेतल्या गरीब, मागास घरांतल्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. मुलगी शाळेत आली तर दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. अट? ७५ टक्के हजेरी. हेतू चांगलाच होता. पण गंमत बघा, त्या मुलीच्या ७५ टक्क्यांसमोर एक रुपया रोज ठेवला होता, आणि माझ्या ७५ टक्क्यांसमोर उरलेल्या २५ टक्क्यांची मौज होती. आकडा एकच, पण तिच्यासाठी ती चढण होती आणि माझ्यासाठी उतार.

आणि कारणं तरी किती असावीत! पावसाळ्यात वरती गोसेखुर्दचे दरवाजे उघडले की वैनगंगा फुगते, रस्ते बंद होतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस तर गावंच्या गावं पाण्यात होती (शाळा तेव्हा करोनामुळे बंदच होत्या म्हणा). मग वाघ आहे. शेजारच्या वडसा भागातल्या जंगलात ऑक्टोबर २०२२ मध्ये वनखात्याने 'सीटी-१' नावाचा वाघ पकडला. त्याने गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा मिळून १३ माणसं मारली होती. अशा दिवसांत जंगलातल्या रस्त्याने सायकलवर शाळेत जायचं असेल तर आई पोरीला पाठवेल का? तिच्यापुढेही 'गै'च. पुण्यात पाऊस पडला तर आम्ही 'वर्क फ्रॉम होम' टाकतो.

आता कोणी म्हणेल, की तू लहान मुलांनी शेतात राबण्याचं कौतुक करतोयस का? अजिबात नाही. तेरा वर्षांच्या मुलीने बुधवारी शाळेतच असायला हवं. कायदाही तेच सांगतो. बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली तेव्हा चौदा वर्षांखालच्या मुलांना घरच्या कामात मदत करायची मुभा ठेवली, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत. कागदावर ठीक आहे. पण पाच वाजता शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत कितीशी रोवणी होणार? आणि तिला घरी ठेवणाऱ्या माणसाला कायदा वाचून दाखवणं हे फार सोपं काम आहे. तो माणूस स्वतः नववीत तिथूनच बाहेर पडलेला आहे. त्याला शाळेची किंमत कळत नाही असं मला कोणी सांगू नये.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: गावाकडची पोरं काय साधी असतात, तीही मनसोक्त बंक मारतातच की! अर्थात मारतात. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई भरते आणि झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. रात्री दहाला पडदा वर जातो तो पहाटेपर्यंत. अख्खं गाव शाली गुंडाळून मंडपात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, म्हणजे प्रकरण साधंसुधं नाही. तर नाटकाच्या दुसऱ्या दिवशी शाळेत कोण जाणार? आम्ही दुपारपर्यंत झोपायचो. मी, माझा मित्र, सगळेच. तो आमचा खराखुरा मास बंक होता, आणि तेव्हा आम्हाला तो शब्दही माहीत नव्हता. त्या दिवशीच्या 'गै'ने कोणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते बावीस दिवसांच्या 'गै'ने.

म्हणून मला वाटतं, उपाय फार मोठे नकोत. धानाच्या पट्ट्यात रोवणीला मुलं गळतात ही काही गुप्त माहिती नाही, प्रत्येक गुरुजीला तारखांसकट माहीत असतं. मग त्या दिवसांत नवा धडा सुरूच करू नये. आहेत त्या मुलांची उजळणी घ्यावी, गोष्टी वाचाव्यात, गणिताचे खेळ खेळावेत. आणि रोवणी संपली की आठ-दहा दिवस रोज एक जादा तास, फक्त बुडालेल्या भागासाठी. काही शिक्षक स्वतःहून हे करतातही, आणि त्यांचे विद्यार्थी त्यांना जन्मभर विसरत नाहीत. पण ते एखाद्या शिक्षकाच्या भलेपणावर सोडू नये, ते शाळेच्या वेळापत्रकात असावं. इंजिनिअरिंग कॉलेजात माझ्या खोट्या टायफॉइडसाठी छापील फॉर्म होता. खऱ्या रोवणीसाठी एक फॉर्म निघायला काय हरकत आहे?

एवढं सगळं ज्ञान पाजळल्यावर आता शेवटचा भाग. हा सांगायचा की नाही यावर मी जरा विचार केला.

त्या दिवशी बांधीवरून निघताना मी मोठ्या ऐटीत मित्राला म्हणालो, की पोरीचा जो भाग बुडालाय तो मी शिकवतो. दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता, व्हिडिओ कॉलवर. तिचं 'समांतर रेषा व छेदिका' बुडालं होतं. म्हटलं, इंजिनिअर आहे, एवढं तर येईलच. पहिला शनिवार झकास झाला. नेटवर्क अडखळत होतं, पण व्युत्क्रम कोन तिला कळले. (मला आदल्या रात्री पुस्तक उघडावं लागलं होतं, पण ते सोडा.) दुसऱ्या शनिवारी ऑफिसच्या ग्रुपबरोबर मुळशीला गेलो. धरण, भजी, पाऊस, फोटो. सात वाजले, आठ वाजले, मला आठवणसुद्धा झाली नाही. रात्री साडेदहाला घरी येऊन फोन बघितला तर चार मिस्ड कॉल.

रविवारी सकाळी घाबरत घाबरत फोन लावला. मित्र म्हणाला, काही नाही गा, होते असं कधीकधी. ती साडेसहापासून पाटी-वही घेऊन बसली होती, फोनला रेंज यावी म्हणून अंगणात, साडेआठपर्यंत. मग जेवून झोपली. मी म्हटलं, तिला दे ना जरा. ती आली फोनवर. मी सॉरी म्हणायच्या आत तीच म्हणाली,

"काका, काल तुमी बंक मारला."

आवाजात तक्रार नव्हती, थोडं हसूच होतं. शब्द शिकली होती आणि पहिल्याच झटक्यात बरोबर जागी वापरला होता. मारणे, पुल्लिंग, सगळं अचूक.

मला उत्तर सुचलं नाही. कारण हा बंक पक्का होता. माझी जागा कुठेही जाणार नव्हती, सोमवारी ऑफिसला कार्ड स्वाइप करून मी पुन्हा आपल्या खुर्चीत बसणारच होतो. (आणि अकराला कॉफी पिऊन सटकणारे आमच्याकडे कमी नाहीत, त्यालाही आता 'कॉफी बॅजिंग' असं गोंडस नाव मिळालंय. आपल्या लोकांच्या गैरहजेरीला नावं कशी पटापट मिळतात बघा.) पण त्या संध्याकाळी बुडाला तो तिचा तास. मी मारला आणि 'गै' तिच्या खात्यात पडला.

तिने कधीतरी खराखुरा बंक मारावा, असं मला फार वाटतं. कॉलेजात जाऊन, मैत्रिणींबरोबर, एखाद्या टुकार सिनेमासाठी. परत आल्यावर तिची जागा तिथेच असेल, कोणीतरी नोट्स देईल, आणि तिला त्याचं काहीच वाटणार नाही. त्यासाठी आधी दहावी, आणि दहावीसाठी आधी ही आठवी.

असो. फार लांबलं. आज शनिवार आहे, सात वाजायला दहा मिनिटं कमी आहेत. 'घातांक' आहे आजचा धडा. फोन चार्ज केलाय, पुस्तक उघडून ठेवलंय, आणि मुळशीच्या ग्रुपला म्यूट केलंय.